हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा (१५ मार्च, १८६८ - २० फेब्रुवारी, १९५८) हे मुंबईतील मराठी छायाचित्रकार, चलच्चित्रकार व चित्रपट-प्रदर्शक होते. नोव्हेंबर १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचे त्यांनी चित्रण केले. भारतीय व्यक्तीने भारतात केलेल्या अगदी पहिल्या चलच्चित्रणांत त्याची गणना होते. १९०१ मधील त्यांच्या चित्रणांमुळे त्यांना भारतीय वार्तापटाचे आद्य प्रवर्तकही मानले जाते. मुंबईतील माणसे आणि त्यांच्या एकत्र येण्याच्या जागा हा त्यांच्या बहुतेक चित्रणांचा विषय होता. प्लेगच्या साथीनंतर शहराच्या जुन्या वस्त्या पाडून नवे रस्ते काढले जात होते, त्याच वर्षांत ही चित्रणे झाली. ती आज उपलब्ध नाहीत.

पार्श्वभूमी

मुंबईत छायाचित्रणाचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले. हरिचंद चिंतामण हे त्या पिढीतील प्रसिद्ध व्यावसायिक छायाचित्रकार होत.

मुंबईच्या रहिवाशांची छायाचित्रे पुस्तकरूपाने प्रथम प्रसिद्ध केली ती विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने. मुंबईतील विविध जातिजमातींच्या लोकांवरील त्याच्या ग्रंथाचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये निघाले. त्यातील अनेक चित्रांत माणसांची छायाचित्रे वेगळी व शहरातील स्थळांची वेगळी घेऊन नंतर ती एकत्र जोडलेली आहेत. त्यामुळे चित्रातील माणूस प्रत्यक्षात त्या जागी उभा नव्हता. त्याच सुमारास, १८६२ पासून, मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडण्याचे काम सुरू झाले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारती व मैदाने उभी राहिली.

तत्कालीन ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवून ती ओली असतानाच छायाचित्र घ्यावे लागे. प्रकाशनाचा काळ लांब असल्याने हलणारी माणसे पुसट येत. १८८० च्या दशकात तयार कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या आणि रस्त्यावरील, बाजारातील व मैदानातील माणसे टिपणे सुलभ झाले. भाटवडेकर याच काळात व्यवसायात आले.

छायाचित्रण व्यवसाय

भाटवडेकरांचा जन्म मुंबईत झाला. १८८० च्या दशकापासून ते व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून काम करीत असत व मुंबईत त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. ते सावेदादा या नावाने सर्वत्र ओळखले जात.

त्या काळी स्टुडिओतील छायाचित्रणाची रीत ठरलेली होती. रंगविलेला पडदा, खुर्ची किंवा तिपाई, ठेवणीतले कपडे आणि स्थिर बसलेले कुटुंब असे तिचे स्वरूप होते. जे पैसे देऊ शकत त्यांचेच छायाचित्र निघे. चाळीतील सामाईक गॅलरी, नळ, तालीम, चौपाटी यांसारख्या जागा या चौकटीबाहेर राहत. भाटवडेकरांच्या पुढील कामाचा विशेष असा की, त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा हाती आल्यावर तो स्टुडिओत न ठेवता उघड्यावर नेला.

सिनेमॅटोग्राफशी परिचय

७ जुलै, १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन्स हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा भारतातील पहिला खेळ झाला. ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर असलेला त्यांचा प्रतिनिधी मारियुस सेस्तिए याने सहा लघुपट दाखविले. त्यांत रेल्वेगाडीचे आगमन, समुद्रस्नान, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार आणि भिंत पाडण्याचे काम यांचा समावेश होता. प्रवेशमूल्य एक रुपया होते. १४ जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये होऊ लागले. तेथे चार आण्यांपासून तिकिटे होती व स्त्रियांसाठी पडद्याची वेगळी सोय करण्यात आली होती. त्यामुळे हे नवे माध्यम मुंबईतील सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचले.

या खेळांच्या प्रेक्षकांत भाटवडेकर होते. दाखविलेले विषय कोणत्याही मोठ्या शहरात नित्य दिसणारे होते. गिरण्या, रेल्वे, समुद्रकिनारा व पाडकाम हे सर्व मुंबईतही होते. भाटवडेकरांनी लंडनहून रायली बनावटीचा चलच्चित्र कॅमेरा मागविला. त्याची किंमत २१ गिनी होती. सोबत त्यांनी चित्रपट दाखविण्याचे यंत्रही घेतले आणि परदेशी लघुपटांचे खेळ उघड्या जागेत लावण्यास आरंभ केला.

प्लेग आणि शहराची पुनर्रचना

ल्युमिए यांच्या खेळानंतर दोन-अडीच महिन्यांतच, सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. साथ झपाट्याने शहरभर पसरली. लाखो लोक गावोगावी निघून गेले. त्यांत रत्नागिरी व सातारा जिल्ह्यांतून आलेले गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली.

सरकारी पथके घराघरांत शिरून तपासणी करीत. राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांच्या भिंतींवर इंग्रजी आद्याक्षरांची खूण केली जाई. या मोहिमेची छायाचित्रेही घेण्यात आली. तपासणी पथके, रुग्णालये व निर्जंतुकीकरण यांची ही छायाचित्रे असून त्यांत रहिवासी बहुधा रुग्ण किंवा संशयित म्हणून दिसतात.

१८९८ मध्ये कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्यांत हवा व उजेड आणणे, नवे रस्ते काढणे आणि पडिक जमिनी विकसित करणे ही त्याची उद्दिष्टे होती. नागपाड्यातील वस्ती पाडण्यापासून कामास सुरुवात झाली. पुढे चौपाटीपासून पूर्वेकडे डोंगरीच्या दिशेने जाणारा सँडहर्स्ट रोड आणि काळबादेवी परिसरातून जाणारा प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते काढण्यात आले. पाडलेल्या घरांच्या मानाने ट्रस्टने बांधलेल्या चाळी अपुऱ्या पडल्या. नव्या रस्त्यांलगतच्या जमिनींचे मोल वाढले आणि विस्थापित कुटुंबांपैकी अनेकांना जवळपासच्याच, आधीच दाट असलेल्या वस्त्यांत आसरा घ्यावा लागला. त्यामुळे ज्या गर्दीवर उपाय म्हणून ही योजना आखली गेली होती, ती काही ठिकाणी उलट वाढली.

भाटवडेकरांनी या पाडकामाचे चित्रण केल्याची नोंद आढळत नाही. तथापि त्यांची मुंबईतील सर्व ज्ञात चित्रणे १८९९ ते १९०१ या, साथ चालू असतानाच्या व पुनर्रचना सुरू होत असतानाच्या काळातील आहेत.

पहिली चित्रणे

कुस्ती

नोव्हेंबर १८९९ मध्ये पुंडलिकदादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती मलबार हिलवरील हँगिंग गार्डनमध्ये झाली. भाटवडेकरांनी तिचे चित्रण केले. फिल्मवर प्रक्रिया करण्याची सोय मुंबईत नसल्याने ती लंडनला पाठविण्यात आली आणि तयार होऊन परत आल्यावर परदेशी लघुपटांच्या जोडीने दाखविण्यात आली.

हँगिंग गार्डन हे उद्यान १८८० च्या सुमारास शहराला पाणी पुरविणाऱ्या जलाशयावर तयार करण्यात आले होते. त्याला पुढे फिरोजशहा मेहता यांचे नाव देण्यात आले. मलबार हिलवर वाळकेश्वर मंदिर व बाणगंगा ही जुनी तीर्थस्थळे असली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेकडीचा बराच भाग युरोपीय अधिकारी व धनिक व्यापारी यांच्या बंगल्यांनी व्यापला होता. १८८० च्या दशकात गव्हर्नरचे निवासस्थानही टेकडीच्या टोकाला आले. अशा वस्तीतील सार्वजनिक उद्यानात तालमींतून तयार झालेले दोन मल्ल उतरणे आणि त्यांची कुस्ती पडद्यावर येणे, हे या चित्रणाचे सामाजिक वैशिष्ट्य होय. कुस्ती ही गिरणगाव व गिरगावातील तालमींची, कष्टकऱ्यांची करमणूक होती. ज्यांची छायाचित्रे स्टुडिओत क्वचितच निघत, अशी माणसे येथे चित्राचा मुख्य विषय झाली.

दादासाहेब तोरणे यांच्या १९१२ मधील 'श्री पुंडलिक' या नाट्यपटाशी या चित्रणाचा संबंध नाही. दोहोंतील पुंडलिक हे नावाचे साम्य केवळ योगायोगाचे आहे.

माकडांचा खेळ

याच सुमारास भाटवडेकरांनी माकडांना शिकविणाऱ्या एका खेळकऱ्याचे चित्रण केले. ही फिल्मही प्रक्रियेसाठी लंडनला गेली होती. मदारी, डोंबारी व माकडवाले हे वस्त्यांच्या चौकांत आणि चाळींच्या अंगणांत खेळ करीत. चलच्चित्राच्या आगमनापूर्वी शहरी गरिबांना फुकट किंवा पैसा-अधेल्यात मिळणारी ही करमणूक होती. तिचेच चित्रण करून भाटवडेकरांनी ते नव्या करमणुकीच्या पडद्यावर आणले.

सार्वजनिक प्रसंगांचे चित्रण

१९०१ मध्ये भाटवडेकरांचा कॅमेरा शहरातील समारंभांकडे वळला. ब्रिटिश संसदेचे सदस्य सर मंचरजी भावनगरी यांच्या मुंबईतील आगमनाचे त्यांनी चित्रण केले. डिसेंबर १९०१ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इंग्लंडहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण झाले. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे परांजपे हे १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर ठरलेले पहिले भारतीय होते. त्यांच्या यशाने महाराष्ट्रात मोठा उत्साह निर्माण झाला होता. परतल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या प्राचार्यपदाची सूत्रे घेतली. ताज्या घटनेचे भारतीयाने केलेले व भारतीय प्रेक्षकांना दाखविलेले चित्रण म्हणून ही फिल्म भारतातील पहिल्या वार्तापटांपैकी मानली जाते.

या काळात सार्वजनिक जागेतील जमाव हा मुंबईत नवा राजकीय व सांस्कृतिक अनुभव होत होता. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा होऊ लागला होता आणि चौपाटीवरील विसर्जनाला गर्दी जमत होती. दुसरीकडे प्लेगच्या नियमांमुळे जमावांकडे सरकार संशयाने पाहत होते. या पार्श्वभूमीवर एका विद्वानाच्या स्वागतासाठी जमलेल्या लोकांचे चित्रण होणे आणि त्याच शहरातील लोकांनी ते पडद्यावर पाहणे, ही लक्षणीय घटना होती.

१९०१ मध्येच भाटवडेकरांनी पारशी समाजाच्या एका आतश बेहरामच्या जीर्णोद्धाराचे चित्रण केले. आतश बेहराम हे पारशी अग्निमंदिरांतील सर्वोच्च दर्जाचे मंदिर असून त्यात पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो. पाडकामाच्या त्या वर्षांत एका समाजाने आपल्या सामाईक वास्तूची केलेली डागडुजी हा या चित्रणाचा विषय होता.

दिल्ली दरबार

जानेवारी १९०३ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याने दिल्लीत दरबार भरविला. भाटवडेकरांनी त्याचे चित्रण केले. मुंबईबाहेरील त्यांचे हे सर्वांत प्रसिद्ध काम होय. या दरबाराचे चित्रण इतर कंपन्यांनीही केले होते व अशा फिल्मना देशभर मागणी होती.

प्रदर्शन व्यवसाय

पुढे भाटवडेकर चित्रणापेक्षा प्रदर्शनाकडे अधिक वळले. बोरीबंदरसमोरील गेइटी थिएटरचे व्यवस्थापन त्यांच्याकडे होते. १८७९ च्या सुमारास कुंवरजी नाझर यांनी नाटकांसाठी बांधलेले हे थिएटर पुढे कॅपिटॉल सिनेमा या नावाने ओळखले जाऊ लागले. उघड्या जागेवरील खेळांपासून बांधीव थिएटरपर्यंतचा चित्रपटाचा प्रवास अशा रीतीने भाटवडेकरांच्या व्यावसायिक जीवनातच घडून आला.

त्यांनी चित्रणाचे काम थांबविल्यानंतर त्यांची चित्रणसामग्री श्रीनाथ पाटणकर व त्यांच्या सहकाऱ्यांकडे गेली. पाटणकर पुढे मूकपटांच्या काळातील एक प्रमुख निर्माते-दिग्दर्शक झाले. भाटवडेकरांनी स्वतः कथापट काढला नाही.

३ मे, १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. हे चित्रपटगृह सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने काढलेल्या रस्त्यावर होते. भाटवडेकर त्या वेळी ४५ वर्षांचे होते. त्यानंतर ते आणखी जवळपास ४५ वर्षे जगले आणि मूकपट, बोलपट व स्वातंत्र्योत्तर काळातील मुंबईचा चित्रपटउद्योग त्यांच्या हयातीतच उभा राहिला. २० फेब्रुवारी, १९५८ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

समकालीन

भाटवडेकरांच्या पाठोपाठ मुंबईत एफ. बी. थानावाला यांनी १९०० मध्ये दोन चित्रणे केली. एकात मुंबईची दृश्ये होती, तर दुसऱ्यात मोहरमची ताबूत मिरवणूक. कलकत्त्यात हिरालाल सेन यांनी १८९८ पासून चित्रपटाच्या व्यवसायात प्रवेश केला होता. रंगभूमीवरील नाटकांच्या दृश्यांचे चित्रण हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. त्यांच्या फिल्म १९१७ मधील आगीत नष्ट झाल्या. या तिघांच्या विषयांची तुलना करता, भाटवडेकर व थानावाला यांचा ओढा शहरातील जागा व जमाव यांकडे आणि सेन यांचा रंगमंचाकडे अधिक होता असे दिसते.

चित्रणाचे स्वरूप

त्या काळातील कॅमेरे तिकाटण्यावर एका जागी स्थिर ठेवून हाताने दांडा फिरवीत चालविले जात. एका फिल्मची लांबी साधारणतः मिनिटभराच्या चित्रणापुरती असे. दृश्य तोडून पुन्हा जोडण्याची पद्धत रूढ झाली नव्हती. त्यामुळे कॅमेरा कोठे उभा करायचा, हाच चित्रकाराचा मुख्य निर्णय असे. चौकटीत शिरणारे बघे, मागची झाडे व इमारती, वेशभूषा आणि जमावातील स्त्री-पुरुषांचे प्रमाण हे सर्व आपोआप नोंदले जाई. अशा चित्रणांचे ऐतिहासिक मोल मुख्य विषयाइतकेच या अनाहूत तपशिलांत असते.

फिल्मवरील प्रक्रिया लंडनमध्ये होत असल्याने चित्रण आणि प्रदर्शन यांत समुद्रप्रवासाचे काही आठवडे जात. चित्रण फसले की काय, हे कळण्यासही तितकाच काळ लागे. दुसरा प्रयत्न बहुधा शक्य नसे, कारण प्रसंग होऊन गेलेला असे.

वारसा

भाटवडेकरांच्या चित्रणांची माहिती आज चित्रपटांच्या सूची, जाहिराती व नंतरच्या इतिहासग्रंथांतून मिळते. त्या काळातील फिल्म नायट्रेटवर असे. ती ज्वलनशील असून उष्ण व दमट हवेत लवकर विघटित होते. शिवाय लघुपटांची प्रत वारंवार दाखवून झिजली की टाकून दिली जाई. भारतात चित्रपटांच्या जतनासाठी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये, भाटवडेकरांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, स्थापन झाले.

याचा परिणाम असा की, प्लेगकाळातील मुंबईच्या दृश्य नोंदी मुख्यतः सरकारी छायाचित्रांच्या रूपाने उरल्या आहेत. त्यांत रहिवासी तपासले, हलविले व मोजले जाताना दिसतात. त्याच शहरातील लोक कुस्तीच्या निमित्ताने, माकडवाल्याभोवती किंवा एखाद्या विद्वानाच्या स्वागतासाठी स्वेच्छेने एकत्र येतानाची भाटवडेकरांची चित्रणे मात्र राहिली नाहीत. शहराच्या इतिहासात कोणती बाजू चित्ररूपाने शिल्लक राहते, हे कोणी चित्रण केले यावर आणि ते कोणी जपले यावरही अवलंबून असते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात फाळके यांना कथापटाचे जनक मानले जाते. भाटवडेकरांचे स्थान त्याआधीच्या टप्प्यावर, वास्तवदर्शी लघुपट व वार्तापट यांच्या आरंभी आहे.

ज्ञात चित्रणे

- पुंडलिकदादा व कृष्णा न्हावी यांची कुस्ती (१८९९)
- माणूस व माकडे (१८९९)
- सर मंचरजी भावनगरी यांचे आगमन (१९०१)
- आतश बेहराम (१९०१)
- रँग्लर परांजपे यांचे स्वागत (१९०१)
- लॉर्ड कर्झन याचा दिल्ली दरबार (१९०३)